काळी खिडकी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. कारखान्याच्या गेटवर उमेदीची वर्षं गेली, कारखाना बंद पडला, मग बिबवेवाडीच्या एका कॉम्प्युटर कंपनीत वॉचमन म्हणून लागलो. आधी खाली पार्किंगमध्ये होतो, नंतर वर बोलावलं. उगाच नाही बोलावलं.

वर लिनक्स नावाच्या सिस्टिमवर चालणारं एक कॉम्प्युटर मशीन होतं. त्यावर काळी खिडकी उघडी असायची आणि तिच्यात ओळी सरकत राहायच्या. कंपनीच्या मशीनमध्ये बाहेरून कोण शिरू बघतंय, यावर पहारा देणारा प्रोग्राम तो. माझं काम एवढंच, लाल ओळ दिसली की तो प्रोग्राम सांभाळणाऱ्या मॅडमना हाक मारायची. आणि खिडकी कोणाला मिटू द्यायची नाही, कारण ती मिटली की पहाराही संपला. ऑफिसातली पोरं गाणी लावायला माउसकडे हात न्यायची, मी अडवायचो.

"काका, तुम्ही काय बॉर्डरवर आहात का?"

"हो. आणि तू पलीकडचा."

एका सकाळी साहेब म्हणाले, आता वर माणूस लागणार नाही, उद्यापासून खाली बसा. थोड्या वेळाने मॅडम आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. काहीतरी टाइप केलं आणि ती खिडकी मिटली.

"अहो, बंद पडला ना तो!"

"नाही काका. तो आता सर्व्हिस म्हणून, म्हणजे खिडकीशिवाय, मागे चालतो. मशीनबरोबर आपोआप सुरू होणार, पडला तर आपोआप उठणार. लाल ओळ थेट माझ्या मोबाइलवर येणार."

"दिसत नाही तो चालतोय कशावरून?"

त्यांनी स्क्रीनवर एक हिरवा शब्द दाखवला.

"हिरवं काय, कोणीही रंगवील."

त्या हसल्या. "मग तुम्हीच पाडून बघा." कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. मी दाबलं. पडला, आणि लगेच उठला. परत दाबलं. परत उठला. मग मी हट्टालाच पेटलो, धडाधड दाबत सुटलो. आणि हिरव्याचं लाल झालं. उठेचना.

"बघा! मेला!" माझी छाती फुगली. वाटलं, माझी वरची खुर्ची राहिली.

मॅडम वाकून बघत म्हणाल्या, "बरं झालं, काका. लागोपाठ फार वेळा पडला तर तो उठायचं सोडतो. ती मर्यादा काढायची राहिली होती माझ्याकडून." दोन ओळी बदलल्या. "आता पाडा."

म्हणजे त्यातली उणीव मीच दाखवून दिली. मी दाबत राहिलो, बोट दुखेपर्यंत. तो दर वेळी उठला. मला कोणी थांबवलं नाही, हसलंही नाही. हसले असते तर भांडता तरी आलं असतं.

खुर्ची मी स्वतः उचलून खाली नेली. कोणाला हात लावू दिला नाही.

पुढे एकदा मॅडम पार्किंगमध्ये स्कूटर लावत होत्या, तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. त्यांनी बघितलं.

"लाल का?" मी उठून उभा राहिलो.

"हो काका. बघते मी."

त्या धावतच वर गेल्या. स्कूटर वाकडी राहिली होती. ती मी सरळ लावली.