चहातला च, चमच्यातला च

माझ्या आईला चहा करायची भारी हौस, असं इथे परदेशात, टाकानिनीतल्या आमच्या अख्ख्या गोतावळ्याचं मत होतं. माझंही तेच होतं, आणि मी तर तिची पोटची पोर.

महिन्यातून एका रविवारी आम्ही दहा-बारा बौद्ध कुटुंबं एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन जमतो. वंदना झाली की एक पुस्तक हातोहात फिरतं. ज्याच्या हाती येईल त्याने एक पान मोठ्याने वाचायचं. पुस्तक आईपासून तीन खुर्च्यांवर आलं की ती उठायची. "चहा टाकते," म्हणायची. कार्यक्रमाचे सर्वेसर्वा असलेले काका दर वेळी कौतुकाने म्हणायचे, "मावशींना बसवतच नाही!"

आईला वाचता येत नाही हे मला अर्थात ठाऊक होतं. पाठच्या चार भावंडांना सांभाळण्यात तिची शाळा राहून गेली. पण त्या गोष्टीचा आणि चहाचा संबंध माझ्या डोक्यात कधी आला नाही. तो आला माझ्या नऊ वर्षांच्या लेकीच्या. गाडीत मागच्या सीटवरून ती म्हणाली, "मम्मा, आजी ऑलवेज गोज जस्ट बिफोर हर टर्न."

आई माझ्या शेजारीच बसली होती. ती खिडकीबाहेर बघत राहिली. घरी आल्यावर पर्स खुंटीला अडकवता अडकवता म्हणाली, "एकदा तरी मला उठायचं नाहीये. एकदा बसून राहायचंय."

मी फार्मासिस्ट. दिवसभर लोकांना गोळ्या समजावून सांगते, तर आईला मुळाक्षरं शिकवणं काय अवघड, असं मला वाटलं. इंटरनेटवरून तक्ता छापून आणला. अ अननसाचा. आई म्हणाली, "अननस मी शंभरदा कापलाय. त्यात हा अ कुठाय?" आठवडाभर पालथ्या घड्यावर पाणी ओतलं आणि शेवटी मी ओरडले, "एवढंसुद्धा लक्षात राहत नाही तुझ्या?" जिने मसाल्याच्या कारखान्यात मिरच्या निवडून मला फार्मसी शिकवली, तिच्यावर ओरडले. त्याची लाज मला आजही वाटते. तक्ता फ्रिजच्या मागे गेला.

मग माझ्या पाठीमागे वेगळाच कारभार सुरू झाला. लेक शनिवारच्या मराठी वर्गात जायची. तिला अक्षरं सगळी यायची, पण वाचलेलं निम्मं कळायचं नाही. एके दिवशी मी लवकर घरी आले, तर दोघी जेवणाच्या टेबलाशी गोष्टींचं पुस्तक उघडून बसलेल्या. लेकीचं बोट ओळीवर होतं.

"चमचा," तिने वाचलं, चॉकलेटमधल्या च ने.

"नाही गं, हा चहातला च नाही. चमचा!"

"आजी, इट्स द सेम लेटर!"

"अक्षर असेल एकच. जीभ वेगळी लावायची."

ही आपल्या लिपीची जुनी लबाडी. च काढायचा एकच आणि म्हणायचा दोन तऱ्हांनी. कुठला कुठे, ते पुस्तकात लिहिलेलं नसतं, बोलणाऱ्याच्या कानात असतं. लेकीकडे डोळे होते आणि आईकडे कान.

लेक पुढे वाचू लागली, "आजीने पोळी..." बोट सरकायच्या आत आई म्हणाली, "केली."

"दॅट्स चीटिंग! यू डिडन्ट इव्हन रीड इट!"

"मग काय केलं मी?"

मी दारातच थबकले. खरंच, काय केलं तिने? पोळीच्या पुढे 'केला' येऊच शकत नाही, हे तिला न शिकता ठाऊक होतं. आपणही वाचताना हेच करतो. मन पुढे जाऊन शब्द धरून ठेवतं आणि डोळा मागाहून येऊन खात्री करतो. लहानपणी ती मला धडा मोठ्याने वाचायला लावायची आणि पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "चुकलीस, परत वाच." दर वेळी मी खरंच एखादा शब्द गाळलेला असायचा. मला वाटायचं, हिला धडा पाठ आहे. पाठ नव्हता, तिला मराठी येत होती. आणि अशा बाईला मी अननसापासून सुरुवात करायला लावली होती!

मी जँडल्स, म्हणजे इथल्या स्लिपर, हातात घेतल्या, पावलं न वाजवता मागे फिरले आणि कोपऱ्यावरच्या डेअरीतून नको असलेलं दूध घेऊन अर्ध्या तासाने घरी आले.

अक्षरं आई चुकांमधून शिकली. 'भा' बघून ती 'भाजी' म्हणायची, निघायची 'भाकरी'. मग ती थांबून त्या क कडे असं रागाने बघायची, की तो पुन्हा विसरायची बिशाद नव्हती. काही महिन्यांत ती लेकीच्या बोटाच्या पुढे गेली. कानामागून आली आणि तिखट झाली! आणि लेक? एका सकाळी ती स्वयंपाकघरात ओरडली, "आजी, माझी डबा कुठाय?" आणि मग स्वतःशीच पुटपुटली, "माझा. माझा डबा."

तो रविवार आला. पुस्तक तीन खुर्च्यांवर आलं, मग दोन. आई उठली नाही.

"मावशी, चहाचं बघताय ना?" काकांनी विचारलं.

"बघू नंतर."

पुस्तक तिच्या हातात आलं. तिने चष्मा लावला, बोट ठेवलं आणि वाचायला लागली. हळू, पण नीट. पानाच्या शेवटी ओळ आली. "जग काय म्हणेल ही भीती सोड, आणि..."

आई थांबली. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. पुढचा शब्द पुन्हा 'जग'च आहे, हे मला शेजारून दिसत होतं. मी सांगायला तोंड उघडलं, तर लेकीने माझं मनगट घट्ट धरलं. "मम्मा, थांब," ती म्हणाली. चक्क मराठीत.

अक्षरं तीच दोन. पण पहिल्या जगातला ज जेवणातला आणि दुसऱ्यातला जावयातला. कागदावर फरक काहीच नाही. आधीचं 'सोड' ध्यानात ठेवलं तरच कळतं, की हीसुद्धा आज्ञा आहे. आईने बोट ओळीच्या सुरुवातीला नेलं, मनातल्या मनात पुन्हा शेवटपर्यंत आणलं आणि मान वर केली.

"...आणि जग!"

जावयातला ज, खणखणीत. मला रडू फुटलं, आणि मी ते लपवलं नाही.

काकांना काय घडलं याचा पत्ताच नव्हता. "स्वीट ॲज, मावशी! एकदम झकास! ठसक्यात वाचलंत," ते म्हणाले. "चला, आता पुस्तक पुढे जाऊ द्या आणि चहा होऊ द्या."

आईने पुस्तक पुढे दिलं नाही. तिने पान उलटलं.

"चहा आज तुम्ही टाका," ती म्हणाली. "मी वाचतेय."