पाकिटाची पावती

न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनला खासदारांच्या एका समितीच्या ऑफिसात मी सात वर्षं खर्च सांभाळला. खर्च म्हणजे चहा, फोटोकॉपी, विमानाची तिकिटं. लोकांना वाटतं, माझ्याकडे कायद्यांचे किस्से असतील. छे! साठलेत ते सगळे बिस्किटांचे.

*

पहिल्याच महिन्यात बॉस ग्लेनिस म्हणाली, "वर्षा, बजेट टाइट आहे. चॉकलेटची बिस्किटं बंद!"

मी जिंजरनट्स, म्हणजे आल्याची बिस्किटं, मांडली. ती इतकी कडक, की चहात बुडवल्याशिवाय दाताचं काही खरं नाही. त्या दिवशी दोन कट्टर विरोधकांनी एकमेकांना एकदाही मध्ये तोडलं नाही. दोघांची तोंडं भरलेली!

ग्लेनिस म्हणाली, "स्वीट ॲज!" म्हणजे इथल्या भाषेत झकास. "हीच चालू ठेव."

*

लोअर हट या उपनगरातल्या घरी येऊन हे सांगितलं, तर लेक म्हणते, "आई, दे पे यू टू काउंट बिस्किट्स?"

"हो बाई, आणि त्यातूनच तुझे पोहायचे कपडे, ते टॉग्ज, आले!"

*

आमचे अध्यक्ष मूळचे मेंढपाळ. मनाने राजा, हिशोबात भोपळा. एकदा दौऱ्यावर हॉटेल महाग वाटलं म्हणून त्यांनी अख्खी समिती स्वतःच्या बहिणीकडे उतरवली. खासदार हॉलमध्ये गाद्या टाकून झोपले! परत आल्यावर माझ्या टेबलापाशी येऊन म्हणतात, "हीप्स पैसे वाचवले, ढीगभर! आता एक चॉकलेटचं बिस्किट दे."

दिलं. माझ्या डब्यातलं.

*

मग आला आरोहा आजींचा अर्ज. उत्तरेकडच्या त्यांच्या खेड्यातला दवाखाना बंद झाला होता आणि जवळात जवळचा डॉक्टर दोन तासांवर. आजींना समितीपुढे बोलायचं होतं. इकडे वर्ष संपत आलेलं आणि प्रवासाचे पैसे केव्हाच संपलेले.

मी फोन करून माओरीत नमस्कार केला, "किया ओरा, आजी. फोनवरच बोलता का समितीशी?"

"त्या दोन तासांच्या रस्त्यात माझा नवरा अर्ध्यावर गेला, पोरी. हे मी डब्याशी बोलू?"

मी फोन ठेवला. जाऊन अध्यक्षांना सांगितलं. ते म्हणाले, "जायचंच!" आणि ग्लेनिस, जी एकेका बिस्किटासाठी भांडायची, ती म्हणाली, "माझी कॉन्फरन्स रद्द कर. ते पैसे घे."

*

गेलो. तिथल्या माओरी सभागृहात पाहुण्यांनी कोहा द्यायचा असतो, आपल्या आहेरासारखं पाकीट. ते दिलं. आजींनी आधी सगळ्यांना पोटभर जेवू घातलं, मग उभ्या राहून तासभर बोलल्या. अध्यक्ष सारखा चष्मा पुसत होते.

परत आलो, तर हिशोबवाल्यांनी पाकिटाची पावती मागितली. आहेराची पावती! माझं डोकंच फिरलं.

"लग्नात आहेर देऊन पावती मागता का हो तुम्ही?"

"सॉरी वर्षा, पावतीशिवाय फाइल बंद होणार नाही."

शेवटी लाज गुंडाळून आजींना फोन केला. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं मला. आजी मात्र खो खो हसल्या. "पाठवते हं!"

चार दिवसांनी कागद आला. वहीचं पान, वळणदार अक्षर.

"मिळालं: एक पाकीट. आठ माणसं आली, जेवली, ऐकून गेली.

बाकी: दवाखाना."