वीतभर अंतरावर

आमच्या शेजारच्या सुभेदारांना वाकडं उभं राहिलेलं काहीही बघवत नाही. देवानं डोंगर करायचं काम त्यांच्याकडे दिलं असतं, तर सगळे एका उंचीचे आणि ओळीत निघाले असते. पांडवलेण्याचा डोंगर एकटाच बाजूला उभा आहे, त्यावरही त्यांची तक्रार आहे. माझ्या घरी सत्यनारायण होता तेव्हा हा माणूस दारात बसून पाहुण्यांच्या चपला लावत होता. डाव्या सगळ्या एका ओळीत, उजव्या दुसऱ्या ओळीत. प्रसाद घेऊन निघालेली माणसं आपली जोडी हुडकत बसली आणि माझे साडू एक काळी, एक तपकिरी चप्पल घालून ओझरला गेले.

आयुष्य तोफखान्यात काढून ते देवळाली कॅम्पाजवळ आमच्या कॉलनीत राहायला आले, नव्वदनंतरची गोष्ट. मूळचे सटाण्याकडचे. सरावाच्या रेंजवर तोफ उडाली की आमची भांडी फळीवर नाचायची आणि हे बशीतला चहा न हिंदकळू देता सांगायचे, "उशिरा उडवली." आमच्या दोन अंगणांमध्ये भिंत नव्हती. मी चौथी शिकलेला गिरणीवाला, मला तिची गरज कधी वाटली नाही. ह्यांना हद्द लागते. थंड मुलखात एका साहेबाच्या बंगल्याला ह्यांनी बॉक्सवुडचं कुंपण पाहिलं होतं. बारीक, चकचकीत पानांचं झुडूप, कातरलं की पेटीसारखं चौकोनी होतं म्हणे. ती रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळून, रेल्वेत स्वतःच्या बाकावर निजवून, आपण खाली बसून ह्यांनी नाशिकला आणली. इथल्या उन्हात ती टिकायची नाहीत, असं मी तोंडावर सांगितलं. तर म्हणाले, "टिकतील. सांगितलंय त्यांना."

दोरी ताणली, टेप लावला, फुटाफुटावर खड्डे घेतले. तेवढ्यात माझी बायको कणकेच्या हातानं बाहेर आली. "भाऊजी, एवढ्या फटीतून शेळी येईल, मागून तिची करडंही येतील."

"वहिनी, पुस्तकात एक फूट लिहिलंय."

"पुस्तकाच्या दारात शेळ्या नसतील." ती खाली बसली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत हात ताणून मातीवर ठेवला. "एवढं पुरे. खेटून उभी राहू द्या बिचारी. शेजारीच आहेत ना एकमेकांची?"

मी म्हटलं, आता युद्ध. पण सुभेदारांनी टाचा जुळवल्या, सगळे खड्डे बुजवले आणि तिच्या वितीवर नवे घेतले. संध्याकाळपर्यंत बाईला उठू दिलं नाही. मी चहात पाव बुडवून खाल्ला. मदतीला गेलो तर मलाच दम, "तात्या, तुमचा हात मध्ये घालू नका. माप बिघडेल."

कॉलनीतली मेंदीची कुंपणं डोक्यावर गेली, ह्यांचं बॉक्सवुड दहा वर्षांत गुडघ्याला आलं. लोक विचारायचे, "सुभेदार, कुंपण रजेवर आहे का?" शेळी तर आरामात वरून उडी मारायची. ह्यांचं म्हणणं, "उडी मारू दे. मधून आली का?" रोज सकाळी शिट्टी वाजवून पाणी. त्यांच्या बाजूचं ते घालायचे, आमच्या बाजूचं माझी बायको.

मग ती गेली. मी दार लावून घेतलं. काहीतरी गिळायचं आणि पडून राहायचं. कुंपणाच्या आमच्याकडच्या टोकाला वाळवी लागली आणि चार-पाच रोपांच्या काड्या झाल्या. सुभेदार रोज माझ्या दारासमोर येऊन शिट्टी वाजवू लागले. एके दिवशी मी आतूनच ओरडलो, "माझी बायको मेलीय, सुभेदार! झाडं गेली खड्ड्यात!"

"खड्ड्यातच घालायची आहेत. बाहेर या."

"नाही येत."

"मी उभा शे."

अगदी आतलं बोलायचं झालं की ते अहिराणीवर जातात. ऊन चढलं तरी माणूस हलेना. शेवटी त्यांना हाकलायला म्हणून मी बाहेर आलो. पायाशी पत्र्याचे डबे ओळीत मांडलेले. कातरलेल्या फांद्या लावून त्यांनी नवी रोपं करून ठेवली होती. कुदळ माझ्या हातात दिली. मी म्हटलं, टेप आणा.

"टेप नको. वहिनींचं माप."

"आणि तिचा हात कुठून आणणार?" बोलून गेलो आणि माझं मलाच ऐकवेना.

सुभेदार गुडघ्यावर बसले, दोन जित्या झुडपांची पानं बाजूला सारली, बुंध्यांच्या मध्ये एक वाळकी काडी धरली आणि बरोबर तेवढी मोडून माझ्या तळहातावर ठेवली.

"हे घ्या. माप शे अजून."

त्या काडीनं मी खड्डे घेतले. ती रोपं लागली, पण अजून बुटकी आहेत, ओळ तिथं खाली बसलेली दिसते. ज्याला चपला वाकड्या खपत नाहीत तो माणूस त्या खळग्याबद्दल चकार शब्द काढत नाही. मी विचारलं तर म्हणतात, "येतील." आमचं दोघांचं वय बघता ते आम्हाला दिसेल असं काही नाही. हे त्यांनाही कळतं, पण बोलून दाखवणार कोण?

काडी माझ्या खिडकीत आहे. कधी तिच्यावर माझी वीत ठेवून बघतो. अंगठा बाहेर राहतो. दर वेळी राहतो. मग बाहेर शिट्टी वाजते आणि मी बादली उचलतो.