बगळा म्हणजे कोण?

लाखांदुरात बारावीला राजकीय रूपककथा शिकवताना मी फळ्यावर रूपक, प्रतीक, उपरोध असे शब्द लिहिले आणि मासोळ्यांनी बगळ्याला तळ्याचा राखणदार निवडल्याची गोष्ट रचून सांगितली.

"बगळा म्हणजे कोण?" मी विचारलं.

"पक्षी, मॅडम," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली.

मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील, ग्रामपंचायतीचे सदस्य, तणतणत आले. "मॅडम, पोरायसमोर माह्यावर गोष्टी कायले सांगून राहिल्या?"

"तुमचं नावही घेतलं नाही हो!"

"नाव कायले लागते? मले समजत नाही का?"

निदान एकाला तरी समजलं होतं! प्राचार्यांनी त्यांना चहा पाजला आणि मला सांगितलं, "गोष्टी सोडा, व्याख्या लिहून द्या."

चरफडत मी लिहून दिल्या. मुलांनी त्या घडाघडा पाठ केल्या.