सदतिसावा खडा

आमच्या सबंध नात्यागोत्यात अमावास्येची आतुरतेने वाट पाहणारा माणूस एकच होता, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. इतर लोक त्या रात्री दारं लवकर लावून घेत. मामा त्या रात्री बसवनगुडीतल्या आपल्या खोलीला कुलूप घालून बाहेर पडत. खांद्याला चौदा पौंडांची बॅटरी, हातात पत्र्याच्या डब्यात बसवलेला दिवा आणि पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट. सोन्याच्या खाणीच्या तपासणी खात्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती आणि हा दिवा तिथलाच, मोडीत निघालेला. त्याच्या काळ्या काचेतून अतिनील किरण पडत. डोळ्यांना उजेड असा दिसतच नसे, नुसती जांभळी धग असल्यासारखं वाटे. पण काही जातीचे खडे त्या किरणांत निळे पेटतात, आणि त्यावरून खाणवाल्यांना धातूचा माग लागतो. निवृत्तीनंतर हौसेने असेच खडे शोधत हिंडताना एका रात्री मामांना एक खडा चालताना दिसला. तो हिरवा होता आणि त्याला नांगी होती. त्या रात्रीपासून मामांनी खडे सोडले आणि विंचू धरले.

दिवसा काळाकुट्ट दिसणारा विंचू त्या दिव्याखाली हिरवागार उजळतो, हे मामा लग्नमुंजीतसुद्धा पानावर बसल्या बसल्या सांगत. शेजारच्याचा घास हातात राही. मला मात्र त्यांचं बोलणं आवडे, कारण त्यांचा आकडा कधी गोल नसे. एका लग्नात कुणीतरी सहज विचारलं, "किती पानं झाली?" मामा म्हणाले, "दोनशे अकरा. माणसं दोनशे दहा, एक जण दोनदा बसला." तो एक जण माझा चुलतभाऊ होता. मी स्वतः आकड्यांत नोकरी केलेला माणूस. मला असा सोबती नात्यात दुसरा मिळाला नाही.

त्यांच्या या छंदामुळे त्या भागात भुताची वदंता उठली होती. माझ्या बायकोने एकदा त्यांचं धोतर कपडे शुभ्र करणाऱ्या नव्या पुडीत धुऊन दिलं. ती पूडही त्या किरणांत पेटते, हे कुणाला ठाऊक? रात्री नाचणीच्या शेताच्या बांधावरून नुसतं निळं धोतर चालत येताना राखणदाराने पाहिलं आणि "देव्व! देव्व!" असं ओरडत त्याने भुतापुढे लोटांगणच घातलं. मामा अंधारातून कानडीत म्हणाले, "देव्व अल्लप्पा, पेन्शनर!" भूत नव्हे, पेन्शनर. राखणदाराला त्याने काही धीर आला नाही. पुढे मामा खाकी लुंगी नेसून जाऊ लागले.

एकोणीसशे साठच्या आसपास बनशंकरीच्या देवळापलीकडे, नुसत्या खडकाळ माळावर, माझ्या नावाने चाळीस बाय साठ फुटांची जागा निघाली. चामराजपेटेत आम्ही आठ माणसं दोन खोल्यांत राहत होतो. पंधरा दिवसांत होकार कळवला नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती. आमचं धाकटं मूल तेव्हा आठ महिन्यांचं, नुकतंच रांगू लागलेलं. माझी बायको बहिणींत थोरली, म्हणून तिला सगळे अक्का म्हणत, मामासुद्धा. ती म्हणाली, "माळावर रांगतं पोर घेऊन जायचं? आधी मामांना दिवा लावून बघू दे. ते म्हणतील तसं."

अमावास्येला मी मामांबरोबर गेलो. वही घेतली होती. त्या दुपारीच मी पोराला मांडीवर घेऊन त्या जागेतल्या एका दगडावर बसलो होतो, शेंगा खात. वारा पडलेला होता आणि कुठून कुत्र्याचाही आवाज येत नव्हता. मामांनी कळ दाबली. पायापासून चार हातांवर एक हिरवा ठिपका उमटला. मग दोन. मग जमिनीनेच एकेक डोळा उघडावा तसे ते उमटत गेले, आणि बहुतेक हलत नव्हते, नुसते होते. माझ्या दुपारच्या दगडाखाली चार निघाले. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"तोंड मिटा, जावई," मामा पुटपुटले. "तुमचे दातही चमकतायत. विंचवांत मोजले जातील."

त्यांच्या तोंडात मात्र काहीच चमकत नव्हतं. कवळी त्या किरणांत काळीच राहते. जांभळा चेहरा, आणि त्यात बोलताना उघडमीट करणारं एक काळं भोक. विंचवांपेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली.

प्रत्येक बिळापाशी खूण म्हणून ते खाणीतला एकेक खडा ठेवत. विंचू आत गेला तरी निळा खडा जागा सांगे. मागच्या कोपऱ्यातल्या मोठ्या खडकाच्या फटीत एक भली मोठी हिरवी मादी होती. तिच्या पाठीवर काहीतरी गडद, चमक नसलेलं हलत होतं. "बाळंतीण," मामा म्हणाले. "पाठीवर पिलं आहेत. पिलं अजून दिव्याला उमटत नाहीत. हिला शेवटी बघू." तिच्यापाशी सदतिसावा खडा पडला.

घरी अक्का पोराला थोपटत जागीच होती. "किती?"

"आहेत स्वल्प," मी म्हणालो.

"स्वल्प म्हणजे किती?"

"सदतीस," मामा म्हणाले. "अठ्ठावीस मोठे काळे, त्यांचा डंख गांधीलमाशीएवढा. नऊ लहान तांबडे. तो तांबडा वाईट."

"मग आपण इथंच बरे आहोत," अक्का म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

मी चिडलो. "मामा, थोडं कमी सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

"आकडा माझा नाही, जावई. त्यांचा आहे." मग दाराशी थांबून ते म्हणाले, "अक्का, सदतिसांचीही सोय लावली तर येशील?"

"मोजून सांगाल?"

"मोजून सांगेन."

अकरा रात्री मामा एकटे गेले. चिमटा आणि दुधाच्या पावडरचा डबा घेऊन. निळा खडा शोधायचा, विंचू डब्यात घालायचा, खडा खिशात टाकायचा आणि डबा दीड मैलावरच्या टेकडीवर रिकामा करायचा. बाराव्या दिवशी सकाळी धुळीने माखलेले येऊन ते म्हणाले, "सदतिसांची सोय लागली."

"सगळ्यांची?"

"एकूण एक."

"सरी, ठीक," अक्का म्हणाली. "मग पाया खणा."

घर बांधताना मेस्त्री मागचा खडक फोडायला निघाला, तेव्हा मामा त्यावर जाऊन बसले. "हा राहू दे. मला टेकायला लागेल." पुढच्या पायरीच्या ओल्या सिमेंटात त्यांनी खिशातले खडे स्वतः दाबले. म्हणाले, "ज्यांना उठवलं त्यांची आठवण दारात असावी." दिवसा ते खडे साध्या खडीत मिसळून गेले, मोजताही येईनात. आम्ही राहायला गेलो त्याच आठवड्यात मामा वळकटी घेऊन आले. बसवनगुडीत फार गोंगाट झाला आहे म्हणाले, आणि पाच महिने मागच्या पडवीत झोपले. रात्री पाणी प्यायला उठावं, तर मागच्या दाराबाहेर तो जांभळा चेहरा.

"मामा, आत झोपा हो," अक्का म्हणे.

"आत उकडतं."

तो डिसेंबर होता आणि मामांनी दोन मफलर गुंडाळले होते. विक्षिप्तपणा म्हणून आम्ही हसत असू. पोर पायांत बूट घालून हिंडायला लागलं, तसे ते परत गेले.

पुढे आजूबाजूला घरं उठली, रस्त्याला दिवे आले आणि अमावास्या पहिल्यासारखी काळी राहिली नाही. टेकडीवरच्या विंचवांचा आकडा मामा दर खेपेस हळू आवाजात सांगत. एकसष्ट. चौतीस. नऊ. शेवटी शेवटी आकडा सांगायचंच त्यांनी सोडलं, आणि मीही विचारायचं सोडलं.

गेल्या वर्षी मामा गेले. दिवा माझ्याकडे आला. परवा रस्त्यावरची वीज गेली, तेव्हा मी तो लावून पुढच्या पायरीपाशी उकिडवा बसलो. खडे एकेक करून निळे पेटले. छत्तीस. पुन्हा मोजले, छत्तीस. तिसऱ्यांदा उलट्या बाजूने मोजले. मामांची मोजणी चुकणं शक्य नव्हतं.

मी मागे गेलो. खडकाच्या तळाशी, फटीच्या तोंडाशी, एक खडा एकटाच निळा पेटला होता. मामांनी ठेवला होता तिथेच. फटीत फार खोलवर काही हिरवं होतं. ते जिवंत होतं की नुसती टाकलेली कात, हे बॅटरी उतरत आल्याने मला सांगता आलं नाही. मला ते दोन मफलर आठवले.

"अहो," मागच्या दारातून अक्काने विचारलं, "किती भरले?"

"सदतीस."

"सगळे?"

"एकूण एक," मी म्हणालो, आणि दिवा मालवला. ती आत गेल्यावर थोडा वेळ मामांच्या जागेवर, त्या खडकावर, बसून राहिलो. पाय मात्र वर घेऊन.