खाणीतल्या डब्याची पूजा

चिखलीत आमच्या सोसायटीच्या मागे दगडाची जुनी खाण आहे. पावसात भरलेलं तिचं पाणी आम्ही बागेला आणि गाड्या धुवायला वापरतो. पलीकडच्या गोठेवाल्याच्या म्हशी तेच पितात. मागे एकदा ऑक्टोबरच्या उन्हात त्यावर हिरवी साय धरली आणि मासे उलटे झाले. म्हणून मी तरंगता डबा केला. बंद कॅन, वर छोटं सोलर पॅनल, खाली पाण्याचं तापमान आणि हिरवटपणा मोजणारी काच. आकडे मोबाइलवर येतात. कंपनीत माझं कामच मोजमाप तपासण्याचं. साय डोळ्यांना दिसण्याआधी आकडा चढतो, तेवढीच सवड मला हवी होती.

खंडेनवमीला दुपारी हिरवटपणा बारावरून एकदम नव्वदवर गेला. पाणी इतक्या झटक्यात बदलत नाही. खाली जाऊन डबा दोरीने काठाला ओढला. त्याला झेंडूचा हार होता आणि नेमक्या काचेवर हळदकुंकवाची बोटं. काठावरच्या पंपाबरोबर सोसायटीच्या चेअरमननी त्याचीही पूजा उरकली होती. मी काच पुसली, आकडा बारावर आला. उपकरणाला हात लावू नये, असं ग्रुपवर लिहिलं.

संध्याकाळी त्यांनी मला गेटवर अडवलं.

"पूजा पुसलीत?"

"काच पुसली. हार तसाच आहे."

"राव, तुमच्यात नसते पूजा. आमच्यात असते."

'तुमच्यात' म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. माझे वडील कारखान्यात लेथ चालवायचे. खंडेनवमीला हार घालत नसत, पण त्या दिवशी खात्यात सगळ्यांत स्वच्छ मशीन त्यांचं असे. हे या माणसाला सांगावंसं वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात ऊन तापलं. आकडा पंधरा, मग एकवीस, मग तीस. दर वेळी खाली जाऊन काच पाहिली, स्वच्छ होती. दोन दिवसांत साय धरेल, जनावरांना हे पाणी पाजू नका, असं मी ग्रुपवर लिहिलं.

"पुन्हा कुंकू लागलं का भाऊ?" चेअरमनचं उत्तर. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

गोठेवाला ग्रुपमध्ये नव्हता, म्हणून गोठ्यावर गेलो. धार काढताना त्याने मान वर केली नाही.

"चेअरमन म्हणलं, कुकू हाय त्ये. तुमचं भांडान तुमी बघा. पान्याचा टँकर काय तुमी धाडनार हाय व्हय?"

दोन दिवसांनी खाण हिरवी झाली. त्याच संध्याकाळी त्याची गाभण म्हैस गेली. जनावरांच्या डॉक्टरांनी पाण्याकडेच बोट दाखवलं.

बैठकीत चेअरमन म्हणाले, डबा आल्यापासून हे सुरू झालंय, काढून टाका. वॉचमन दोरी ओढायला गेला, तर काठावर गोठेवाला काठी घेऊन उभा.

"हात लावून बघ."

मी पुढे झालो, तसा तो माझ्यावर उलटला.

"आकडा मला धाडायचा. रोज. बोलायला यायचं न्हाई."

रोज पाठवतो. उत्तर येत नाही. आकडा चढला की म्हशी खाणीकडे येत नाहीत. यंदाच्या खंडेनवमीला चेअरमन कुंकवाची वाटी घेऊन पंपापर्यंतच गेले. पुढे डब्याच्या दोरीपाशी गोठेवाला बसला होता.