बेचक्यातले तीळ

मी देव मानत नाही, हे मी कुणापासून लपवलेलं नाही. ऑफिसात नाही, सासुरवाडीत नाही. मुलीच्या शाळेच्या अर्जातसुद्धा धर्माच्या रकान्यात रेघ ओढून मोकळा झालो. लपवलं ते फक्त आईपासून, आणि तेही तिच्या पोटासाठी.

वडील गेल्यापासून त्यांच्या तिथीला आई पाण्याशिवाय काही घेत नाही. श्राद्ध झाल्याचं कळलं की मगच पान वाढून घेते. ती कुंभकोणमला, मेलकावेरीत, एकटी, मी चेन्नईत. पहिल्याच वर्षी मी ठरवून टाकलं, श्राद्ध करायचं नाही आणि म्हातारीला उपाशीही ठेवायचं नाही. साडेअकराला कँटीनमधून फोन करायचा, "आई, झालं. जेवून घे." चार वर्षं हे सुरळीत चाललं.

पाचव्या वर्षी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मला गावी यावं लागलं, आणि नेमकी तिथी त्यातच आली. घरात होमाचा धूर नको, डॉक्टरांनी बजावलंय, मी तिरुविसनल्लूरला गुरुजींच्या घरी उरकून येतो, असं सांगून मी सकाळी धोतर नेसून बाहेर पडलो. गेलो मात्र तिरुभुवनमला. एका कॉफीच्या दुकानात पेपर वाचत दोन तास काढले आणि बाराच्या सुमाराला परतीची टाउन बस पकडली.

बसमध्ये अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, बंगळूरला असते, तिला सगळं ठाऊक होतं. आम्ही पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेले मराठी, उंबऱ्याबाहेर पडलं की तमिळ बोलायचं, मराठी घरातली. म्हणून बसमध्ये गुपित बोलायला मराठीसारखी सोय नाही. मी बिनधास्त मोठ्यानं म्हणालो, "कसलं श्राद्ध न कसलं काय. दोन कॉफ्या प्यायलो. चार वर्षं खपलं, आजचंही खपेल. आता घरी जाऊन झालं म्हणतो, म्हणजे ती जेवेल."

फोन खिशात टाकला, आणि शेजारी बसलेला म्हातारा समोर बघत मराठीत म्हणाला, "आज खपायचं नाही."

त्याच्या मांडीवर कापडी पिशवी होती, तिच्यातून मोठ्या डावाचा दांडा वर आला होता. अंगाला तुपाचा आणि कढीपत्त्याचा वास.

"मी श्राद्धाचा स्वयंपाकी," तो म्हणाला. "आत्ताही एका घरचं उरकून येतोय. तुम्ही मेलकावेरीच्या बाईंचे चिरंजीव ना? डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं."

आमची मराठी घरं गावात राहिलीत किती? कुणाच्या घरी काय शिजलं हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. भीती वाटली की मी भांडतो, ही माझी जुनी खोड. मी त्याच्यावर घसरलोच. "मेलेल्या माणसाला भूक नसते. पिंड कावळा खातो, वडे भटजी खातात. तुम्ही इतकी वर्षं रांधताय, एक तरी पितर जेवताना पाहिलात का?"

"नाही पाहिला," तो शांतपणे म्हणाला. "मीठ कमी पडलं म्हणून वरून कुणी सांगायला आलं नाही अजून."

"मग?"

"मग काय? मला ठाऊक नाही. तुम्हांला ठाऊक आहे, बरं आहे."

त्याचा तो थंडपणा मला झोंबला. माझा आवाज चढला, पुढच्या सीटवरची माणसं वळून बघायला लागली. मी म्हणालो, मला जे पटत नाही ते मी करत नाही, आणि जे खरं नाही ते बोलत नाही. माझा धर्म म्हणाल तर तेवढाच.

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे तोंड वळवलं. "आईशी पण?"

कंडक्टरनं शिट्टी मारली, बस थांबली, माणसं चढली, पुन्हा सुटली. शेवटी मी हलक्या आवाजात विचारलं, "तुम्ही सांगणार का तिला?"

"मी कशाला सांगू? तुमचे हातच सांगतील. तर्पण करून आलेल्या माणसाच्या बोटांच्या बेचक्यांत तीळ अडकलेले असतात. तुमचे हात कोरडे."

वडील तर्पण करून आले की आई दारातच त्यांचा उजवा हात धरायची आणि बेचक्यांतले तीळ एकेक करून काढायची. लहानपणापासून पाहिलेलं, आणि मी साफ विसरलो होतो. फोनवर हात दिसत नाहीत.

म्हाताऱ्यानं पिशवीतून कागदाची पुडी काढली, चिमूटभर काळे तीळ माझ्या तळहातावर ठेवले. "उरलेले आहेत. आई सकाळपासून उपाशी असतील. खरं सांगायचं तर सांगा, खोटं बोलायचं तर धड बोला." आणि पुढच्या स्टॉपला पिशवी सावरत उतरून गेला.

मला त्याचा भयंकर राग आला. पण तीळ मी फेकले नाहीत. बस स्टँडवरच्या नळाखाली हात ओला केला आणि ते बेचक्यांत चोळून बसवले. वडिलांसाठी ज्यांना हात लावला नाही, ते.

आई दाराशी खुर्चीत बसली होती, डोळ्यांवर काळा चष्मा. पावलं ओळखून तिनं हात पुढे केला. मी उजवा हात दिला. तिनं बोटं चाचपली, एक तीळ काढला, दुसरा काढला. "झालं," ती स्वतःशीच म्हणाली. तिचा चेहरा असा निवला की मला तिथं उभं राहवेना. भिंतीला धरत ती आत गेली, दोन केळीची पानं घेऊन आली.

"आई, मी गेलो नव्हतो," मी म्हणालो. "आज नाही, कधीच नाही. हे तीळ बसमध्ये एकानं दिले."

ती रडली असती, चिडली असती, तर माझ्याजवळ सगळ्याची उत्तरं तयार होती. ती पानं हातात धरून तशीच उभी राहिली.

"चार वर्षं?"

"हो."

"म्हणजे ते चार वर्षं उपाशी आहेत," ती म्हणाली. "आणि मी जेवत होते."

मेलेल्या माणसाला भूक नसते, हे तासाभरापूर्वी मी भर बसमध्ये ठणकावून सांगितलं होतं. घरात ते तोंडातून निघेना. आईनं दोन्ही पानं परत फळीवर ठेवली आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसली. त्या दिवशी ती जेवली नाही.